तेलाच्या देशातून येणारा फोन

आमच्या लष्कर मोहल्ल्यातल्या घरात मोबाईलला रेंज यायची ती फक्त मागच्या गॅलरीत, आणि तीही कठड्याला पोट टेकवून उभं राहिलं तर. नवरा नायजेरियात गेला आणि माझे रविवार त्या कठड्याला बांधले गेले. फोन कधी जेवणाआधी येई, कधी चहाच्या वेळी, कधी येतच नसे. सरगूरला मामांच्या शेतावर जेवण असो, बहिणीकडे बारसं असो, मी आपली वाळत घातलेल्या लुगड्यांमध्ये उभी. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात तसा तो फोन होता. समोरचं लेथचं वर्कशॉप रविवारी बंद असे, एवढंच काय ते सुख.

नवरा मूळचा नाशिकचा. हेब्बाळच्या एका कारखान्यात जनरेटर सांभाळायला म्हणून मैसूरला आला, त्याने माझ्याशी लग्न केलं, आणि चार वर्षांत कारखाना बंद पडला. यातल्या दुसऱ्या गोष्टीमुळे तिसरी घडली असं सासूबाईंना वाटे. समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणते, लिहिताना 'तो' म्हणणार आहे. एवढी सूट मला मिळायला हवी. तो दोन वर्षांच्या करारावर तिकडे गेला आणि सून एकटी नको म्हणून सासूबाई नाशिकहून माझ्याकडे राहायला आल्या. आम्हांला मूल झालेलं नव्हतं. नवरा समुद्रापार असताना ते कसं होणार, हे भेटणाऱ्या प्रत्येक बाईला मी समजावून सांगावं अशी अपेक्षा असे.

त्याचं काम होतं मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजचे जनरेटर चालू ठेवण्याचं. मला आधी वाटलं, सरकारी लाईट गेली की जनरेटर लावायचा, आली की बंद करायचा. पहिल्याच फोनमध्ये तो हसला. म्हणाला, इथे उलटं आहे. जनरेटर चालू असतो, आणि सरकारी लाईट पाहुण्यासारखी येते. ती आली की सगळी गल्ली ओरडते, पोरं उड्या मारतात, बाया इस्त्र्या घेऊन धावतात. पाहुणा कधी उठून जाईल सांगता येत नाही. ज्याला परवडतं त्याच्या अंगणात जनरेटर, ज्याला नाही त्याच्या खिडकीत पिशवीएवढा पेट्रोलचा जनरेटर. त्या छोट्या मशीनला तिथे लोक 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. हे ऐकून मी खूप हसले होते. लष्कर मोहल्ल्यात ते नाव कितीतरी माणसांना शोभलं असतं.

आणि हे सगळं तेलावर बसलेल्या देशात. जमिनीतून काढलेलं तेल जहाजात भरून परदेशी जायचं आणि त्याचंच पेट्रोल होऊन दुसऱ्या जहाजातून परत यायचं. ते जहाज लांबलं की पंपांपुढे गाड्यांच्या रांगा लागत, माणसं गाडीतच झोपत. त्याच्या कॉलनीपासून दिसेल एवढ्या अंतरावर तेलाची विहीर होती आणि तिच्यातून निघणारा गॅस दिवसरात्र हवेत जाळून टाकत. "आमच्याकडे धड अंधारही नसतो आणि लाईटही नसते," तो म्हणाला. कॉलनीत स्वयंपाक करणारी बाई मात्र त्या लाल उजेडात लाकडं फोडून चूल पेटवायची. तेव्हा आमच्याकडे सिलिंडर बुक करून तीन आठवडे झाले होते. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला.

दिव्याखाली अंधार ही म्हण आपण सहज बोलून जातो. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते, कन्नडमधून. पुस्तकात खनिज तेलाचा धडा आहे, त्यात तेलाने समृद्ध देशांची नावं आहेत, आणि ती ज्याला पाठ असतील त्याला मी वर्षानुवर्षं पूर्ण गुण दिलेले आहेत. समृद्ध म्हणजे काय, हे मुलं विचारत नाहीत ते एक बरंच आहे. शेजारच्या बायका मात्र विचारायच्या. नवरा तेलाच्या देशात म्हणजे घरात सोन्याचा धूर निघत असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. धूर होता, पण तो डिझेलचा. त्याने कोणाबरोबर तरी पाठवलेल्या कापडाला इतका वास होता की सासूबाईंनी ते दोनदा धुऊन गच्चीत टाकलं.

तो तिथे सुखात नव्हता, हे मला फार उशिरा कळलं असं नाही. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात होता, 'सांभाळून ठेवायला'. संध्याकाळनंतर फाटकाबाहेर जायला बंदी. डिझेल चोरीला जाई म्हणून टाकीशेजारीच त्याची खाट. आलेल्या डिझेलमध्ये पाणी आहे का ते आधी बघायचं, फिल्टर धुवायचे, आणि मशीन बंद पडलं की मालकाच्या शिव्या खायच्या, कारण मासळी कुणासाठी थांबत नाही. बरोबर सोलापूरचे, जळगावचे चारपाच जण होते. रात्रभर जनरेटरच्या आवाजात झोपून तो हळू बोलायचं विसरला होता. फोनवर तो ओरडायचा, मीही गॅलरीतून ओरडायची, आणि मग आमचं खाजगी काही उरायचंच नाही. नवराबायकोने बोलायचं ते सगळं पोटातच राहायचं.

घरात दुसराच पेच होता. घरात दोन बायका, दोघीही मराठी बोलणाऱ्या, आणि दोघींचं मराठी एकमेकींना कळत नव्हतं. आमचे पूर्वज कापड रंगवायला, छापायला म्हणून कधीकाळी इकडे आले. आता घरात रंगाला कोणी हात लावत नाही, पण भाषेवर इथला रंग पक्का चढलेला आहे. मी म्हणायची, "आई, या महिन्यात सिलिंडर मिळायचं कष्ट आहे." कन्नडमध्ये कष्ट म्हणजे अवघड. सासूबाई म्हणायच्या, "कष्ट कसले त्यात? फोन तर करायचा असतो." मी म्हणायची, "सुम्ने बसा की," म्हणजे उगाच दगदग करू नका, आरामात बसा. त्यांना वाटायचं मी त्यांना गप्प बसवते आहे. नाशिकला फोन करून त्या आपल्या बहिणीला सांगत, सून चांगली आहे, फक्त बोलली नाही पाहिजे.

दोन वर्षं संपत आली तो दसरा होता. दसऱ्यात आमच्याकडे घराघरांत बाहुल्या मांडतात आणि त्या बघायला बायका येतात. माझ्या बाहेरच्या खोलीत आठदहा जणी बसलेल्या, हातात उसळीचे द्रोण, बाहेर शहरभर दिव्यांच्या माळा. एवढे दिवे की मला ते बघवत नव्हते. तेवढ्यात फोन आला, रविवार नसताना. मी गॅलरीत पळाले. बायका गप्प झाल्या, कारण तेलाच्या देशातून फोन आला होता आणि तो ऐकण्यासारखा असणार.

"हे लोक अजून दोन वर्षं थांब म्हणतायत," तो ओरडला. "आज सांगायचंय. नाही म्हटलं तर महिन्याअखेरीस परत पाठवतील. मग हातात काम नाही. काय करू? तसाच येऊ?"

मला काय म्हणायचं होतं ते मी सरळ लिहिते. या. आत्ता या. काम नसलं तरी या, आपण माझ्या पगारात भात-सार खाऊ, पण या. माझी चाळिशी जवळ येते आहे, मला या कठड्याचा कंटाळा आला आहे, या. पण पाठीमागे आठदहा बायका कान टवकारून बसलेल्या, सासूबाई दारात उभ्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी म्हणाले, "पर्वा नाही."

आमच्या घरात पर्वा नाही म्हणजे हरकत नाही. चालेल. काही बिघडत नाही. कन्नडमध्ये परवागिल्ला म्हणतात, त्याचं आम्ही पिढ्यान् पिढ्या असं मराठी केलेलं आहे. चहा सांडला, पर्वा नाही. पाहुण्यांना उशीर झाला, पर्वा नाही. काम नसताना नवरा घरी येणार, पर्वा नाही, येऊ दे. यापेक्षा मायेचा शब्द बायकांच्या देखत बोलायला आमच्यात नाही. पलीकडे मात्र एक नाशिकचा माणूस उभा होता, आणि त्याच्या मराठीत त्याच दोन शब्दांचा अर्थ, तुम्ही या नाहीतर मरा, मला काय त्याचं, असा होतो.

तो म्हणाला, "बरं." मग लाईन गेली. मला वाटलं, डिझेल संपलं असेल. मी आत येऊन सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मनातून इतकी खूश होते की दोघींना दोनदा लावलं.

पुढच्या रविवारी त्याने सांगितलं, सही केली, दोन वर्षं. मी विचारलं नाही का केली. त्याने सांगितलं नाही. माझा असा संताप झाला की काय सांगू. मी चालेल, या म्हणते आणि हा माणूस तिथे राहतो, म्हणजे याला यायचंच नव्हतं. त्या मशिनांमध्ये रमला. की तिथे दुसरं काही आहे? बन्नीमंटपाच्या मैदानावर दसऱ्याची मशालींची कवायत बघायला शेजारणी बोलवायला आल्या तेव्हा मी त्यांना इतकं तोडून बोलले की पुढे महिनाभर कोणी जिना चढलं नाही. मला घरात कोंडल्यासारखं होई आणि घराबाहेर पडले तरी तेच. घटस्फोटित बाईला निदान काहीतरी म्हणतात. मला कोणी काही म्हणत नव्हतं. मी फॉरेनवाल्याची बायको होते.

रविवारचा फोन येतच राहिला, पण आता त्यात ओरडण्यासारखं काही नसे. पैसे पोचले? पोचले. आई बरी आहे? बरी आहे. तिकडे लाईट आहे? नाही. तुमच्याकडे? आहे. त्याला वाटायचं हिला पर्वा नाही, मला वाटायचं याला यायचं नाही, आणि ही गोष्ट दोघंही मनात धरून बसलेलो. सासूबाई त्याच सुमाराला माझ्याशी तुटक वागू लागल्या. माझ्या हातचा चहा घ्यायच्या, पण कप स्वतः विसळायच्या. मी विचारायची, त्या म्हणायच्या, काही नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी भूगोलाच्या वह्या तपासत बसलेली.

असा हिवाळा गेला आणि उन्हाळा आला. उन्हाळ्यात आमच्याकडेही करंट जायला लागलं. त्या दिवशी सिलिंडर संपलेलं, म्हणून भात विजेच्या शेगडीवर ठेवलेला, आणि करंट गेलं. सासूबाईंनी झाकण काढून पाहिलं. "कच्चा राहिला," त्या म्हणाल्या.

"पर्वा नाही आई," मी म्हणाले, "करंट आलं की परत ठेवते."

त्यांनी हातातली पळी ओट्यावर आपटली. "तुला पर्वा नाहीच कशाची! भाताची नाही, घराची नाही, नवऱ्याची नाही. माझ्या लेकाने येऊ का म्हणून विचारलं तर त्यालाही हेच म्हणालीस. मला पर्वा नाही! दारात उभी राहून या कानांनी ऐकलंय मी. आणि तोही मला म्हणाला, आई, तिला मी नकोय, इथे राहिलो तर निदान पैसे तरी मिळतील."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. कच्चा भात, बंद पंखा, आणि सासूबाई रडतायत. मला आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. मी त्यांना विचारलं, "आई, तुम्ही आमच्याकडे आलात त्या दिवशी मी तुम्हांला विचारलं होतं, प्रवासात त्रास झाला का. तुम्ही म्हणालात थोडा झाला, गाडी उशिरा आली. मी काय म्हणाले होते?"

"पर्वा नाही म्हणालीस," त्या नाक पुसत म्हणाल्या. "तेव्हाच मी ओळखलं होतं तुला."

अय्यो! अडीच वर्षं ही बाई माझ्या घरात हे धरून बसली होती. मी त्यांना अर्थ सांगितला. चहा सांडल्याचा सांगितला, उशिरा आलेल्या पाहुण्यांचा सांगितला, परवागिल्ला सांगितलं. पटेना त्यांना. शेवटी मी त्यांना हाताला धरून खाली माझ्या चुलतीकडे नेलं आणि चुलतीला विचारलं, तुमचा जावई नोकरी सोडून घरी आला तर काय म्हणाल? चुलती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पर्वा नाही म्हणेन. येऊ दे की. घर त्याचंच अल्वा, नाही का?" सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. "अगं, मग चालेल म्हणायचं ना चालेलला," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. पण चार वर्षं माझ्याशी संसार केलेल्या माणसाला कळू नये? हेही खरंच होतं. दोन वर्षं सोलापूर-जळगावच्या माणसांत राहून त्याचा कान परत तिकडचा झाला होता. आणि दूर असताना माणसाला ज्याची भीती असते तेच आधी ऐकू येतं.

आता एक फोन करायचा, दोन वाक्यं बोलायची. पण फोन लागेना. रविवारी आला नाही, सोमवारी मी लावला तर नुसती शांतता. टीव्हीवर कोपऱ्यात बातमी होती की तिथे तेलाचे टँकर बंद आहेत, पंप कोरडे पडलेत, विमानंसुद्धा खोळंबलीत. तो मला कधीतरी म्हणाला होता की तिथले मोबाईलचे टॉवरही डिझेलवर चालतात. म्हणजे टॉवर मुके झाले होते. तेलाच्या देशात तेल संपलं होतं आणि माझी दोन वाक्यं त्यात अडकली होती. मी शाळेत जाण्याआधी लावायची, मधल्या सुट्टीत लावायची, घरी आले की कठड्याला टेकून लावत बसायची. सासूबाईही शेजारी येऊन उभ्या राहू लागल्या. "लागला?" "नाही." एकदा म्हणाल्या, "रोज मनात शिव्या घातल्या गं मी तुला." मी म्हणाले, "मीही तुम्हांला घातल्या." त्या हसल्या. पण हसून फोन लागत नाही. वर्गात मी नकाशावर त्या देशाला हात लावला आणि मला बोलता येईना. मुलांना वाटलं बाई धडा विसरल्या.

टँकर सुटले तेव्हा एका सकाळी फोन त्याचाच आला. मी साडीच्या निऱ्या एका हातात धरून गॅलरीत धावले.

"अहो, दसऱ्याला मी पर्वा नाही म्हणाले ना..."

"जाऊ दे ते आता."

"जाऊ दे कसं? आमच्यात त्याचा अर्थ चालेल असा होतो. चालेल, या, असं म्हणत होते मी. मला पर्वा आहे. फार आहे. या."

शेवटचं मी इतक्या जोराने ओरडले की समोरचं लेथ थांबलं. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "अरे ऐक, ही खरं सांगतेय. यांचं मराठी तसंच आहे. मलाही पहिल्या दिवशी तेच म्हणाली होती आणि मीही तिला नाही नाही ते समजत बसले." आणि फोन परत माझ्या कानाला लावला.

करार झालेला होता आणि पासपोर्ट कपाटात होता, त्यामुळे राहिलेला काळ त्याला तिथे काढावाच लागला. त्याने तो काढला आणि आला. आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते आणि मूल होण्याचं माझं वय मागे पडलं होतं. याबद्दल आम्ही एकमेकांना कधी दोष दिला नाही. त्या सकाळी फोनवर जे बोलणं झालं त्यानंतर द्यायला जागाच नव्हती.

त्या सकाळी सासूबाईंनी फोन परत माझ्या कानाला लावला तेव्हा लाईन चालू होती, मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. तो म्हणाला, "तू पर्वा नाही म्हणालीस त्या संध्याकाळी सरकारी लाईट नव्हती, आणि ऑफिसचा जनरेटर बंद पडलेला. कराराचा कागद छापता येईना. मॅनेजर म्हणाला, राहू दे, उद्या बघू. मीच म्हटलं, थांबा, लावून बघतो. जुनं मशीन होतं, महिनाभर हलत नव्हतं. सेल्फ मारायच्या आधी मनात म्हटलं, आता हे चालू झालं नाही तर उद्या तुला परत एकदा फोन करून विचारायचं."

"मग?"

"एका सेल्फमध्ये चालू झालं."